मोनालीची छोटी सीडी

मोनालीच्या दुकानात नवं गिऱ्हाईक आत शिरायचं तर आधीच्याने बाहेर यायचं, अशी रीत होती. जागाच तेवढी. एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, भिंतीला टेकलेलं झेरॉक्स मशीन आणि त्याच्या डोक्यावर एकवीरा आईचा फोटो. उदबत्तीचं घर प्रिंटरवर ठेवलेलं, कारण दुसरीकडे ठेवायला वाव नव्हता. सकाळी शटर वर गेलं की आधी उदबत्ती, मग प्रिंटरवरची कालची राख फुंकायची, मग कॉम्प्युटरचं बटण. दुपारी मोहल्ल्यातल्या मशिदीची अजान झाली की डबा उघडायचा. भिंतीवर घड्याळ होतं, पण ते गिऱ्हाइकांसाठी.

पनवेलात टपाल नाक्याकडून मोहल्ल्याकडे वळणाऱ्या त्या गल्लीत लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं, तलाठ्याकडचे अर्ज, सोसायटीच्या नोटिसा, जे काही मराठीत छापायचं ते मोनालीकडे यायचं. माणूस बोलायचा आणि त्याचं वाक्य संपेपर्यंत ते पडद्यावर उमटलेलं असायचं. एका गुरुजींनी तिला विचारलंही होतं, "बाई, मी पुढे काय बोलणार ते तुम्हाला आधीच कसं कळतं?"

"गुरुजी, अर्जात सगळे तेच बोलतात," मोनाली म्हणाली. "विनंती की."

ती मूळची उरणकडच्या कोळीवाड्यातली. तिची आई मैना सकाळच्या एसटीने पाटी घेऊन पनवेलात यायची. पाटी रिकामी झाली की एका टाइपिंग क्लासच्या पायरीवर बसून चहा प्यायची. आतून मशीनची खटखट ऐकू यायची. एक दिवस मैनाने पदराला हात पुसले, आत जाऊन विचारलं आणि घरी येऊन पोरीला सांगितलं, "ही खटखट शिकलीस ना, तं डोक्यावर पाटी नाय येनार तुज्या." मोनाली शिकली. पाटी डोक्यावर आली नाही. पुढे कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर ट्रान्स्पोर्टच्या ऑफिसात काम करणाऱ्या आनंदाशी लग्न झालं आणि ती पनवेलचीच झाली.

मोनालीचा एक गुण सगळ्यांना ठाऊक होता. थोड्या जागेत पुष्कळ बसवावं ते तिनेच. एका पानावर दोघांच्या पत्रिका, एका कपाटात दोन घरांचं सामान. सासूबाई म्हणायच्या, "हिला एक डबा द्या, ही त्यात संसार भरील." हा टोमणा की कौतुक ते कधी कळलं नाही. मोनालीने ते कौतुक म्हणूनच घेतलं होतं.

दोन हजार आठ सालच्या पावसाळ्याअखेरची गोष्ट. दुकानासमोर रिक्षा थांबली आणि हुस्नबानोखाला उतरल्या. मागोमाग त्यांची मुलगी शबनम उतरली, तिच्या हातात फुलाफुलांच्या चादरीत गुंडाळलेलं एक मोठं गाठोडं. तान्ह्या मुलाला दवाखान्यात आणावं तसं ते तिने छातीशी धरलं होतं.

"मोनाली, एक काम आहे तुझ्याकडे," खाला म्हणाल्या. "पण हसायचं नाही."

"खाला, तुम्हाला हसून मी जाणार कुठे? मागच्याच आळीत राहते."

चादर उघडली. आत कॉम्प्युटरचा डबा निघाला. पांढरा होता कधीतरी, आता पिवळा पडलेला.

"फहादचं मशीन आहे," खाला म्हणाल्या. "मरून पडलंय."

मोनालीला फहाद आठवत होता. या कुटुंबाची बेकरी होती. जमालचाचा पहाटेपासून भट्टीपुढे, आणि मुलगा घरात या मशीनपुढे. बापलेकाचं त्यावरून रोज वाजायचं. एक दिवस जमालचाचा तोडून बोलले, "हा डबा आणि तू, दोघं निघा माझ्या घरातून." फहाद निघाला. सौदीत दम्मामला नोकरी मिळाली होती, ती त्याने घेतली. डबा राहिला. जाताना त्याने बापाला सलामही केला नाही. पुढे दीड-दोन वर्षांत जमालचाचा गेले आणि फहादला मातीला यायला मिळालं नाही, पासपोर्ट कंपनीकडे होता. हे सगळं गल्लीला माहीत होतं. गल्लीला माहीत नव्हतं ते शबनमने तिथे सांगितलं.

"ताई, अब्बा गेल्यापासून भाई अम्मीशी बोललेलाच नाही. फोन येतो, मी उचलते. मला विचारतो अम्मी जेवली का, गोळी घेतली का. म्हटलं अम्मीला देते, की फोन बंद. आता म्हणतो, मी लिहून पाठवतो, अम्मीनेच वाचायचं. या महिनाअखेर त्याला कंपनीला सांगायचंय, पुढच्या तीन वर्षांच्या करारावर सही करणार की परत येणार. अम्मीने वाचल्याशिवाय सांगणार नाही म्हणतो."

"तुझ्या मोबाइलवर नाही येत?"

"माझ्या मोबाइलवर इंग्रजीच धड येत नाही. आणि तो उर्दूत लिहिणार. मला कुठे उर्दू येतं? मी तुमच्यासारखी, झेडपीच्या मराठी शाळेतली."

हुस्नबानोखाला नेमक्या उलट. मराठी घडाघडा बोलायच्या, पण वाचायला उर्दूच. फहादही उर्दू शाळेत शिकलेला. म्हणजे त्या घरात लेकाचं पत्र वाचू शकेल अशी एकटी आईच होती.

"सायबर कॅफेत जाऊन वाचा की," मोनाली म्हणाली.

"तिथे पोरं बसतात मांडीला मांडी लावून," खाला म्हणाल्या. "लेकाचं पत्र मी बाजारात बसून वाचू? टेलिफोनवाल्यांनी घरी इंटरनेटची डबी बसवून दिलीय. मशीन तेवढं उठव. नाक्यावरचे दोघं दुरुस्तीवाले म्हणतात भंगारात द्या, नवीन घ्या. नवीन नको मला. त्याचं आहे ना हे."

मोनालीने डबा उघडून बघितला. यंत्र धडधाकट होतं, पण जुनं. आतली जागा थोडी, ताकद थोडी. फहादने जाण्याआधी घेतलेली नव्या विंडोजची मूळ सीडी पाकिटात जपून ठेवली होती, तीही खालांनी आणली होती. विंडोज म्हणजे मशीनला उठवणारी, चालवणारी व्यवस्था. तीच नसेल तर कॉम्प्युटर म्हणजे रिकामं कपाट. पण ही विंडोज त्या कपाटात घातली, की दार लागत नव्हतं. एकदा मोनालीने ती जशीच्या तशी घालून बघितली. मशीन सुरू व्हायला इतका वेळ लागला, की मधल्या वेळात तिचा एक अर्ज टाइप करून झाला.

यावर उपाय होता आणि तो तिने इंटरनेटवर कुठेतरी वाचला होता. इंग्रजी वाचताना तिचं बोट अजून ओळीखाली फिरायचं, पण ती वाचायची. कंपनी सगळ्या जगासाठी एकच सीडी काढते. त्यात सगळ्या जगाचं सामान असतं. आपल्याला नको ते काढून टाकायचं आणि उरलेल्याची आपली छोटी सीडी करायची. त्यासाठी एक प्रोग्रॅम मिळायचा. तो लांबलचक यादी दाखवायचा, जे नको त्यापुढे खूण करायची.

हे काम जणू तिच्यासाठीच बेतलेलं होतं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती यादी उघडून बसायची. जगातल्या सगळ्या प्रिंटरांची ओळख त्यात होती. खालांच्या घरी प्रिंटर नाही, काढा. फॅक्स पाठवायची सोय, काढा. आंधळ्यांसाठी वाचून दाखवणारा आवाज, त्यावर ती थोडी थांबली, पण खालांना चष्म्याने नीट दिसतं, काढा. खेळ, पत्ते वगैरे, ते तर पहिल्यांदा. खाला काय पत्ते कुटणार आहेत?

आनंदा डबा द्यायला आला होता, तो मागे उभा राहून बघत होता. "काय चाललंय? हंड्याचा तांब्या करतेस का?"

"तांब्याच करायचाय. त्यांच्याकडे चूलच लहान आहे."

"एवढं काढतेस, उरणार काय?"

"लागेल तेवढं उरेल."

मग भाषांची यादी आली. अरबी, आर्मेनियन, ग्रीक, हिब्रू, इंडिक, जपानी, थाई, अशी कुठच्या कुठे जाणारी. इंडिक म्हणजे आपल्याकडच्या भाषा, हे तिला कळत होतं. पण मोनालीला विंडोजने मराठी कधी दिलीच नव्हती. तिची मराठी वेगळ्या सॉफ्टवेअरमधून, वेगळ्या फॉन्टमधून यायची. आत यंत्राला वाटायचं आपण इंग्रजीच लिहितोय, आणि वर पडद्यावर देवनागरी दिसायचं. इतकी वर्षं तिच्या पत्रिका तशाच निघत होत्या, आणि त्या सॉफ्टवेअरची सीडी तिच्या खणातच होती. मग ही बाकीची गर्दी कशाला? तिने सगळ्या भाषांना आणि त्यांच्या फॉन्टना एका दमात खुणा केल्या. सामानाचा मोठाच भार उतरला. तिला मनापासून बरं वाटलं.

पहिली सीडी करताना ऐन वेळी लाइट गेली आणि सीडी वाया गेली. आनंदाने ती परसातल्या पेरूला बांधली, पोपट येऊ नयेत म्हणून. दुसरी नीट उतरली. मोनालीने तिच्यावर पेनाने 'खाला' एवढंच लिहिलं, एकवीरा आईच्या फोटोला टेकवून क्षणभर हात जोडले, आणि ती पिशवीत टाकली.

खालांच्या घरी मशीन खिडकीजवळ मांडलं होतं, जिथे फहाद बसायचा तिथेच. सीडी आत गेली. मध्ये एकदा चहा झाला, एकदा फिरनी झाली. आणि मशीन उठलं. नुसतं उठलं नाही, टुणकन उठलं. शबनमने टाळी वाजवली. मोनालीने आपलं मराठीचं सॉफ्टवेअर घालून मोठ्या वळणदार अक्षरात लिहिलं, हुस्नबानो.

"हे माझं नाव?" खाला पुढे झुकल्या. "मला वाचता येत नाही, पण छान दिसतंय ग."

"लग्नपत्रिकेचा फॉन्ट आहे खाला. मुद्दाम वापरला."

शबनमने दम्मामला फोन लावला. "भाई, मशीन चालू झालं. तुझंच. पाठव आता." खाला शेजारी उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे केला नाही, पण कान तिकडेच होते. फोन बंद झाला.

शबनमने आईच्या नावाने केलेला नवा पत्ता उघडला. थोड्या वेळाने पत्र आलं. खालांनी चष्मा पुसला, डोक्यावरचा पदर सारखा केला, बिस्मिल्ला म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. मोनालीने पत्र उघडलं.

पडद्यावर चौकोन होते. ओळीच्या ओळी भरून नुसते रिकामे चौकोन. एकाला लागून एक, न लावलेल्या फरश्यांसारखे. कुठे कुठे मध्येच एखादा इंग्रजी आकडा.

"हे काय लिहिलंय?" खाला म्हणाल्या.

मोनालीने पत्र बंद करून पुन्हा उघडलं. चौकोनच. अक्षर लहानमोठं केलं. चौकोन लहानमोठे झाले. "त्याच्याकडून नीट आलं नसेल," ती म्हणाली. "मशीन ठीक आहे. थांबा, तुम्हाला दाखवते." आणि मशीन ठीक आहे हे दाखवायला तिने इंटरनेटवरचं एक मराठी वर्तमानपत्र उघडलं.

तिथेही चौकोन. बातम्यांचे फोटो होते, त्यांच्याखाली चौकोन होते.

आता मोनालीला कळलं. तिच्या सॉफ्टवेअरमधली मराठी वेगळी, आणि बाहेरच्या जगात येणारी-जाणारी मराठी वेगळी. ती विंडोजच्या त्या भाषांमधूनच यायची, उर्दूही त्यांतूनच यायची. दोन्ही तिने आपल्या हाताने, खूण करून काढून टाकल्या होत्या.

"खाला, चूक माझी आहे," ती म्हणाली. "पत्र चांगलं आलंय. मशीनमधली अक्षरं मी काढलीत. जागा होत नव्हती म्हणून."

खाला पडद्याकडे बघत होत्या. "एवढे रिकामे डबे पाठवलेत त्याने."

"डबे नाहीत हो, अक्षरंच आहेत. आपल्याला दिसत नाहीत एवढंच."

"पोरी, तू माझं मन राखतेस." त्यांनी चष्मा काढला. "आत्ता माझं नाव लिहिलंस, ते दिसलं ना? मग त्याचं का दिसत नाही? बापाशी नाही बोलला, माझ्याशी काय बोलणार? पाठव म्हटलं, म्हणून काहीतरी पाठवलं."

"अम्मी, मी कॅफेत जाऊन छापून आणते," शबनम म्हणाली.

"काही नको. त्याचं पत्र बाजारातून आणायचं नाही. जे यायचं ते आलं." आणि त्यांनी घरात पाहुण्यांसाठी ठेवलेली ती फुलाफुलांची चादर पुन्हा मशीनवर घातली. मशीन चालू होतं, चादरीतून उजेड दिसत होता.

मोनाली दुकानात आली. गिऱ्हाईक उभं होतं, तिने त्याला उद्या यायला सांगितलं. असं ती कधी सांगत नसे. खुर्चीत बसली आणि आईची पाटी तिच्या डोळ्यांपुढे आली.

मैना धक्क्यावर पाटी भरायची, तेव्हा लहानपणी मोनाली शेजारी बसायची. मैना मासळी हातात घ्यायची आणि माणसांची नावं घ्यायची. ही बेकरीवाल्यांची, त्यांच्याकडं म्हातारीला काटा नाय चालत. हे वकिलांचं, त्यांची सून पोटुशी हाय. ही थोडी मांदेली तळाला, मोहल्ल्यातल्या त्या एकट्या बाईला, ती जास्त नाय घेत पण वाट बगते. मोनालीने एकदा विचारलं होतं, "आये, एवढं का लक्षात ठेवतेस? बाजारात बसलीस तर आपोआप खपेल." मैना म्हणाली होती, "घरात कोन हाय ते बगल्याबिगर पाटी भरायची नसते. मग वजं तेवडं वाहायचं, आनि दारात जाऊन सांगायचं, तुमचं नाय आनलं."

त्या बेकरीवाल्यांच्या दारात तिची आई वर्षानुवर्षं पाटी उतरवत आली होती. त्याच दारात आज मोनाली गेली, आणि त्यांचंच तेवढं न्यायचं विसरली. खालांच्या घरी प्रिंटर नाही हे तिने आठवणीने बघितलं. खाला उर्दू वाचतात हे तर तिला समोर सांगितलेलं होतं. तरी यादीपुढे बसल्यावर तिने फक्त आपलं दुकान बघितलं. आणि गंमत अशी, की आपली म्हणून जी वाटत होती, ती मराठीही तिच्या हातून गेली होती आणि तिला पत्ता नव्हता.

तिने एकवीरा आईच्या फोटोकडे बघितलं. "आई, तू तरी सांगायचंस," ती पुटपुटली. मग स्वतःच म्हणाली, "तू काय सांगशील, मी विचारलं कुठे?"

तिने यादी पुन्हा उघडली. आता ती बोट ठेवून एकेक ओळ वाचत होती. अरबी ठेवली, उर्दूची अक्षरं तिच्यातच होती. इंडिक ठेवली, दोन्हींचे फॉन्ट ठेवले. ग्रीकपाशी थांबली. मोहल्ल्यात परदेशी बोटींवर नोकरीला जाणारी पोरं होती, कुणाचं कोण कुठे असेल काय सांगावं? पण हे मशीन खालांचं होतं आणि जागा खरंच थोडी होती. तिने ग्रीक काढली, जपानी आणि चिनी काढली, पण यावेळी प्रत्येकीपुढे वेगळी खूण करून. आंधळ्यांसाठीचा आवाज परत ठेवला. खालांच्या एका डोळ्यातला मोतीबिंदू पिकायला लागलाय, असं शबनम मागे बोलली होती.

सीडी थोडी फुगली. मशीन आता टुणकन उठणार नव्हतं, गुडघ्यावर हात ठेवून उठणार होतं.

दुसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा चादर तशीच होती.

"राहू दे ग," खाला म्हणाल्या. "तुझा धंदा सोडून किती वेळा येशील?"

"खाला, माझी आई तुमच्याकडे यायची. कधी खराब बोंबील आला तर काय करायची?"

खालांना नको असताना हसू आलं. "बदलून द्यायची. आणि वरून मलाच बोलायची, नीट बघून का घेतला नाही म्हणून."

"मग मीपण बदलून द्यायला आलेय. वरून बोलणार नाही, एवढंच."

खाला बाजूला झाल्या. सीडी आत गेली. यावेळी चहा झाला नाही, कुणाला सुचलाच नाही. महिना संपत आला होता. मशीन हळूहळू उठलं. मोनालीने आधी मराठी वर्तमानपत्र उघडलं. अक्षरं होती. साधी, बारीक, पण होती. मग पत्र.

पडद्याच्या उजव्या कडेपासून ओळी डावीकडे वाहत गेल्या. मोनालीला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण ती अक्षरं आहेत हे दिसत होतं. एकमेकांचा हात धरलेली, वर-खाली ठिपके असलेली.

खालांनी चष्मा लावला. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, थेट काचेवर. मोनालीने शबनमला डोळ्यांनी खुणावलं आणि दोघी स्वयंपाकघरात गेल्या.

"काय लिहिलं असेल ताई?"

"तुला उर्दू शिकायला काय झालं होतं ग?"

"तुम्ही शिकलात का? गल्लीत राहता इतकी वर्षं."

 मोनालीने ओट्यावरचा लसूण पुढे ओढला आणि सोलायला घेतला.  बाहेरून नाक ओढल्याचा आवाज आला. लसूण संपला.

"मोनाली," बाहेरून हाक आली. "इकडे ये. लिहायला बस."

खालांचे डोळे लाल होते, पण पाठ ताठ होती. पत्रात काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि कुणी विचारलं नाही.

"लिही, सही करू नको. नाही, थांब, आधी सलाम लिही. सलाम राहिला. नाहीतर तो तेव्हा निघून गेला, तसंच होईल."

"उर्दू मला लिहिता येत नाही, खाला."

"मराठीत लिही. तो वाचतो."

मोनालीने कीबोर्डवर हात ठेवले आणि तिच्या लक्षात आलं. आपल्या लग्नपत्रिकेच्या फॉन्टात लिहिलं, तर दम्मामला कचरा पोचेल. पोचणारी मराठी लिहायची तर या विंडोजच्या कीबोर्डवर, आणि तिथली अक्षरं भलत्याच बटणांवर होती. वाक्य संपायच्या आत लिहिणारी मोनाली एका बोटाने 'स' शोधायला लागली.

"काय झालं? तुला येतं ना टाइपिंग?" खालांनी विचारलं.

"येत होतं," मोनाली म्हणाली. "आता शिकतेय."

खाला थांबल्या. एकेक शब्द सांगायच्या, ती तो शोधून लिहायची, मग पुढचा. सलाम. सही करू नको. अब्बांचं मनात आणू नको, ते मी तुला समोर सांगेन. घरी ये. अम्मी. जेमतेम दोन ओळी, पण मोनालीने इतक्या हळू आयुष्यात काही टाइप केलं नव्हतं, आणि इतकं नीट ऐकूनही नाही.

फहादने सही केली नाही. ते शबनमने दुकानाच्या दारातून ओरडून सांगितलं, आत गिऱ्हाईक असल्यामुळे. "आणि ताई, काल अम्मीला फोनवर बोलावलं त्याने! बोलले काही नाहीत. अम्मीने विचारलं तिकडे भेंडी मिळते का."

थंडी पडायला लागली तेव्हा तो आला. मोनालीला घरी बोलावणं आलं, बिर्याणीचं. ती शाकाहारी वाराची सबब सांगून दुपारनंतर चहाला गेली. फहाद रोड झाला होता, दाढी ठेवली होती. खिडकीपाशी आपल्या जुन्या खुर्चीत बसला होता आणि मशीनमध्ये काहीतरी शोधत होता.

"ताई, काम छान केलंय तुम्ही. मी असतो तर मलाही जमलं नसतं. पण पत्ते कुठे गेले?"

"कसले पत्ते?"

"तो पत्त्यांचा खेळ असतो ना, विंडोजमध्येच. अम्मी आत्ता सांगतेय..."  त्याने आईकडे बघितलं.

खाला सुपारी कातरत होत्या. "अब्बा खेळायचे," त्या म्हणाल्या. "हा गेल्यावर. रोज दुपारी भट्टी विझली की इथे येऊन बसायचे, याच्या खुर्चीत. घरात कधी पत्ते आणू दिले नाहीत त्यांनी, हराम म्हणायचे. मी म्हटलं, मग हे काय? तर म्हणे, हे खरे पत्ते थोडेच आहेत, हे तर फहादच्या मशीनचे आहेत. हरले की मशीनला शिव्या द्यायचे, आणि पुन्हा मांडायचे."

फहाद खिडकीतून बाहेर बघत होता. मोनालीला आठवलं, यादीतली ती सगळ्यात पहिली खूण. खाला काय पत्ते कुटणार आहेत? घरात कोण आहे ते तिने दुसऱ्यांदा नीट बघितलं होतं, पण घरातून गेलेलं कोण, हे विचारायचं राहिलंच होतं.

"मूळ सीडी आहे ना, पाकिटातली?" तिने विचारलं.

"आहे."

"मग आण इकडे. सगळं पुन्हा करायला नको, तेवढंच काढून घालते." तिने पदर खोचला. "जागा होईल."

चहा निवत होता. थोड्या वेळाने पडद्यावर हिरवं मैदान उघडलं आणि त्यावर पत्ते मांडले गेले. फहादने एक पत्ता उचलला.

"तो नाही," खाला मागून म्हणाल्या. "अब्बा आधी राजाला जागा करायचे."

फहादने पत्ता परत ठेवला, आणि खुर्ची थोडी सरकवून आईला शेजारी जागा केली.